शाळा व्यवस्थापन समितीची निवडणूक : उमेदवार कोण, मतदार कोण आणि आपण कुठे?

नगरपंचायतीची निवडणूक लागली की कडेगावच्या चौकाचौकात महिनाभर दुसरा विषय नसतो. कोण कुठल्या पॅनेलमध्ये गेलं, कुणाचा फॉर्म उडाला, कुणाच्या प्रभागात किती मतं, सगळं तोंडपाठ असतं. पण आपली मुलं रोज ज्या शाळेत जातात, तिचा कारभार बघणारी समिती कधी निवडली गेली, तिचा अध्यक्ष कोण, हे विचारलं तर बहुतेक घरांत एकमेकांकडे बघतात. ही पण निवडणूकच आहे. तिला बॅनर नाही, गुलाल नाही, मतदान यंत्र नाही. एका दुपारी तासाभराच्या पालक सभेत ती उरकते आणि सभेला जे हजर असतात त्यांचंच चालतं. म्हणून तिची माहिती एका जागी मांडत आहे.

जुनं 'स्कूल बोर्ड' कुठे गेलं?

आपल्या भागातली म्हातारी माणसं अजूनही 'बोर्डाची शाळा' म्हणतात. त्या शब्दामागे इतिहास आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे दिल्या. त्या वेळी कडेगावचा परिसर सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. मधल्या काळात १९४७ चा नवा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि जिल्हा स्कूल बोर्ड, नगरपालिका स्कूल बोर्ड अशी रचना झाली.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांत मात्र नगरपालिकांची आणि महापालिकांची शिक्षण मंडळं चालू राहिली. त्यांचे सदस्य नगरसेवक निवडायचे, त्यामुळे तिथे राजकारणही भरपूर चालायचं. २०१३ मध्ये राज्य सरकारने कायदा बदलून ही मंडळं बंद करायचं ठरवलं आणि त्यांचा कारभार नगरपालिका-महापालिकांकडे दिला.

आज पालकाला थेट मत देता येतं आणि स्वतः उभं राहता येतं, अशी एकच जागा शिल्लक आहे : शाळा व्यवस्थापन समिती. तिचा पाया म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९, कलम २१. केंद्राचा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राने १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने समित्यांची रचना ठरवली आणि २०११ मध्ये नियम केले.

समितीत कोण असतं?

मुख्याध्यापक सोडून १२ ते १६ सदस्य असतात. समजा १२ जणांची समिती आहे, तर हिशोब असा :

- ९ सदस्य म्हणजे ७५ टक्के पालक. त्यांची निवड पालक सभेत होते.
- १ सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी. खेड्यात सहसा ग्रामपंचायत सदस्य, कडेगावसारख्या नगरपंचायतीच्या गावात नगरसेवक. त्याला ती संस्था पाठवते.
- १ सदस्य शिक्षकांमधून, शिक्षकांनीच निवडलेला.
- १ सदस्य स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासाचा जाणकार. त्यालाही पालक सभाच निवडते.

एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात, म्हणजे १२ मध्ये किमान ६. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच होतात. नगरसेवक, सरपंच किंवा शिक्षक अध्यक्ष होऊ शकत नाही. समितीची मुदत २ वर्षं, आणि महिन्यातून एक तरी सभा झाली पाहिजे.

आणखी एक तरतूद आपल्या घरांना लागू पडते. दुर्बल घटक आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असलेली कुटुंबं दुर्बल घटकात येतात. ज्या मराठी शाळेत आपली थोडीच मुलं आहेत, तिथल्या मजूर, हातगाडीवाल्या, शिलाईकाम करणाऱ्या मुस्लिम पालकांनी ही तरतूद सभेत शांतपणे दाखवून द्यावी.

निवड कशी होते?

शाळा पालकांना सभेची लेखी सूचना देते. सूचनेत तारीख, वेळ आणि 'समितीचे पुनर्गठन' असा विषय लिहिलेला असायला हवा. सभेत मुख्याध्यापक नियम वाचून दाखवतात. प्रत्येक इयत्तेला प्रतिनिधी मिळावा असं साधारण बघतात. नावं सुचवली जातात. एका जागेला एकच नाव आलं तर बिनविरोध, जास्त आली तर हात वर करून किंवा चिठ्ठीने मत घेतात. मग निवडलेले सदस्य अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ठरवतात. सगळं इतिवृत्तात लिहून त्याखाली हजर पालकांच्या सह्या घेतल्या जातात.

उमेदवारीची मोठी अट एकच : आपलं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, डिपॉझिट नाही. अंगठा लावणारी आईसुद्धा सदस्य होऊ शकते, अध्यक्षही होऊ शकते. पण ज्याची मुलं दुसऱ्या गावच्या इंग्रजी शाळेत जातात, तो मोहल्ल्यात कितीही मोठा असला तरी पालक म्हणून बसू शकत नाही. फार तर शिक्षणतज्ज्ञाच्या जागेवर त्याचं नाव येऊ शकेल, तेही सभेने मान्य केलं तर.

बिनविरोध निवड वाईट नसते. पण नावं आधीच कागदावर लिहून आणली आणि सह्या घरोघरी फिरवून घेतल्या, तर ती निवड झालीच नाही. शिक्षक म्हणून सांगतो, सभेला पालक येत नाहीत म्हणून अनेक मुख्याध्यापकांची पण अडचण होते. कागद वरती पाठवायचा असतो, कोरम होत नाही, मग जे दोन-चार ओळखीचे पालक असतात त्यांचीच नावं पुन्हा पुन्हा लिहिली जातात. म्हणजे दोष एकाच बाजूला नाही.

समितीच्या हातात नेमकं काय असतं?

कायद्याने तीन कामं स्पष्ट दिली आहेत : शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं.

*देखरेख.* शिक्षक वेळेवर येतात का, मुलं गैरहजर का राहतात, शाळाबाह्य मूल गावात आहे का, पोषण आहार नीट मिळतो का, हे समिती बघते. आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ धरलेला आहे. चव नोंदवही मागून बघायचा पालकाला हक्क आहे. शाळा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस भरली पाहिजे.

*आराखडा.* पुढच्या तीन वर्षांत पट किती राहील, शिक्षक किती कमी आहेत, खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह, पाणी, कुंपण यांपैकी काय हवं, त्याला खर्च किती, हे सगळं आराखड्यात येतं. उर्दू शाळांच्या दृष्टीने हा कागद फार मोलाचा आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३, ९१ ते १२० पर्यंत ४ असं प्रमाण आहे. दर वर्षीच्या संचमान्यतेत पट घसरला की पद जातं आणि गेलेलं पद परत आणायला वर्षं लागतात. उर्दू माध्यमाचा शिक्षक निवृत्त झाला की ती जागा पवित्र पोर्टलवरून भरती होईपर्यंत रिकामी राहते, आणि तोवर एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसतो. समितीने ठराव करून हे आराखड्यात मांडलं आणि पंचायत समितीकडे त्याचा पाठपुरावा केला, तर त्या मागणीला वजन येतं. पालकांनी तोंडी केलेली तक्रार फाईलमध्ये दिसत नाही.

*पैसा.* समग्र शिक्षा अभियानात शाळेला पटाप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असेल तर ५०,००० रुपये, त्याखाली ३० च्या वर पट असेल तर २५,००० रुपये. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. रक्कम मोठी नाही. तरी ती रंगरंगोटीत गेली की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारात, हे समिती ठरवते.

शिक्षकाची नेमणूक, बदली किंवा पगार समितीच्या हातात नाही. 'मला निवडून द्या, अमुक मास्तरला घालवतो' असं कुणी म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

उमेदवार कसा पारखावा?

मोहरमचे उंच ताबूत उभे करताना कडेगावात कुणी कुणाला ओळखपत्र विचारत नाही. बांबू कोण बांधणार, दोर कोण ओढणार, हे माणसाच्या कामावरून ठरतं, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघंही असतात. शाळेच्या समितीसाठी माणूस निवडतानाही तीच नजर लावावी. विचारायचे प्रश्न साधे आहेत :

- मागच्या वर्षी पालक सभेला किती वेळा आला किंवा आली?
- महिन्यातून एक दुपार मोकळी काढता येईल का? रोजंदारी बुडत असेल तर सभा संध्याकाळी ठेवा, असं सांगायची हिंमत आहे का?
- मूल अजून किती वर्षं या शाळेत आहे? चौथीतल्या मुलाचा पालक पुढच्या वर्षी सदस्य राहीलच असं नाही.
- शाळेच्या आहाराचा, बांधकामाचा किंवा गणवेशाचा ठेका त्याच्या घरात आहे का? असेल तर हिशोब तपासायला त्याला बसवू नये.
- मुख्याध्यापकांशी भांडण आहे म्हणून उभा राहतोय की शाळेसाठी? आणि उलट, मुख्याध्यापकांच्या शब्दाबाहेर जाऊ शकेल का?

जमात, पक्ष, भावकी बघून नाव सुचवण्याची आपली सवय इथे नुकसान करते. तालीम हा सगळ्या मोहल्ल्याचा मामला आहे.

महिलांच्या जागा महिलांनीच चालवाव्यात

समितीवर नाव आईचं आणि सभेला येतात अब्बा, हे सर्रास घडतं. सही पण घरी नेऊन घेतात. हे नियमाला धरून नाही आणि शाळेच्याही फायद्याचं नाही. मूल घरी येऊन काय सांगतं, डब्यात काय परत येतं, मोठी झालेली मुलगी शाळेत जायला का कचरते, हे आईला ठाऊक असतं. अम्मीला मराठी बोलायला अवघड वाटत असेल तर तिने उर्दूत किंवा आपल्या दखनीत बोलावं, सचिवांनी मराठीत लिहून घ्यावं. लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये.

ट्रस्टच्या आणि इंग्रजी शाळांचं काय?

सगळ्या शाळांना एकच नियम नाही, आणि गोंधळ इथेच होतो.

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळा, माध्यम उर्दू असो वा मराठी, समितीच्या पूर्ण कक्षेत येतात.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांबाबत २०१२ च्या दुरुस्तीने समितीचं काम फक्त सल्ल्याचं केलं. त्याच दुरुस्तीने मदरसे कायद्याबाहेर ठेवले. पुढे ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असं ठरवलं. १ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवला. अशा शाळांत खरी सत्ता संस्थेच्या कार्यकारिणीकडे असते. तिची निवडणूक संस्थेच्या घटनेप्रमाणे होते आणि मत फक्त सभासदांना असतं. पालक असून सभासद नसाल तर मत नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थांमधले जुने वाद बऱ्याचदा याच कागदावर अडकतात.

खासगी विनाअनुदानित शाळांत ही समिती नसते. तिथे फी नियमन कायदा, २०११ प्रमाणे पालक-शिक्षक संघ असतो. त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून ठरतात. त्यासाठी इच्छुक म्हणून आपलं नाव द्यावं लागतं.

गडबड वाटली तर

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग केंद्रप्रमुख आणि त्यानंतर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. सभेची सूचना, इतिवृत्त, खर्चाचा तपशील माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. अर्जाची भाषा सौम्य ठेवा. ज्या शिक्षकांशी आपण आज बोलतो, तेच उद्या आपल्या मुलाला शिकवणार असतात.

यंदा एवढं करा

शाळेत जाऊन समितीची मुदत कधी संपते ते विचारा. सदस्यांची नावं दर्शनी भागात लावली आहेत का बघा, नसतील तर लावायला सांगा. पालक सभेची तारीख कळली की जुम्याच्या नमाजनंतर जाहीर करा आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका. उभं राहू शकेल अशा दोन आयांशी आणि दोन वडिलांशी आधीच बोलून ठेवा. आणि सभेच्या दिवशी एक तास काढा. पालक कमी आले तर ज्या नावांवर आपण वर्षभर नाराज असतो, तीच नावं पुढची दोन वर्षं परत येतील.