संगणकाच्या एसएमपीएसमधील पंखा बदलणे

संगणकाच्या एसएमपीएसमधील पंखा बदलणे म्हणजे मेजावरील संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतला आवाज करणारा किंवा अडखळणारा पंखा काढून त्याजागी नवा बसवण्याची दुरुस्ती होय. पंखा हा या पेटीतील एकमेव फिरता भाग असल्याने तो बहुधा इतर घटकांच्या आधी झिजतो. यांत्रिकदृष्ट्या हे काम किरकोळ आहे. साधारणतः झाकणाचे चार स्क्रू, पंख्याचे चार स्क्रू आणि एक जोडणी. धोका मात्र किरकोळ नाही. मुख्य विजेपासून तोडल्यानंतरही पेटीतील धारित्रांत, म्हणजे कपॅसिटरमध्ये, प्राणघातक ठरू शकेल इतका विद्युतभार उरलेला असू शकतो. त्यामुळे संगणकाच्या बहुतेक भागांबाबत खरी असलेली ‘प्लग काढला की काम सुरक्षित’ ही समजूत येथे लागू पडत नाही.

रचना

आजचे बहुसंख्य पुरवठे इंटेल कंपनीने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स या मानकाला अनुसरतात. पेटी १५० मिमी रुंद व ८६ मिमी उंच असते. खोली बहुधा १४० मिमी किंवा त्याहून अधिक असते. जुन्या पेट्यांत मागील बाजूस ८० मिमीचा पंखा असे, नंतरच्या पेट्यांत झाकणावर १२० मिमीचा पंखा आला. दोन्ही रचनांत उष्ण हवा पेटीच्या मागच्या जाळीतून बाहेर पडते. पंखा १२ व्होल्ट दिष्ट प्रवाहावर चालतो, परंतु त्याला सदैव पूर्ण १२ व्होल्ट मिळतातच असे नाही. अनेक पेट्यांत तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टर असतो आणि त्याच्या आधारे पंख्याचा दाब व वेग कमी-जास्त होतो.

आवाजाचे निदान

स्वस्त पंख्यांत बुशवर फिरणारा दांडा असतो. त्यातील वंगण सुकले की घरघर सुरू होते. थंड सकाळी संगणक सुरू करताना होणारा आणि काही मिनिटांत मावळणारा आवाज हे त्याचे नेहमीचे लक्षण. पात्यांवर धूळ असमान साचली तर पंखा थरथरतो. सुटलेली तार पात्यांना घासल्यास टकटक ऐकू येते. चित्रफीत किंवा खेळ सुरू होताच बदलणारी बारीक शिट्टी मात्र पंख्याची नसते. ती वेटोळ्यांच्या कंपनातून येते आणि पंखा बदलून जात नाही. पेटी उघडण्यापूर्वी कागदाची नळी करून ती एकेका पंख्याजवळ धरून ऐकल्यास आवाजाचा उगम बराचसा कळतो. दोष प्रोसेसरच्या किंवा कॅबिनेटच्या पंख्यात निघाला, तर एसएमपीएस उघडण्याचे कारणच उरत नाही. कमी भारावर पंखा थांबवून ठेवणारे पुरवठेही बाजारात आहेत. त्यांचा स्थिर पंखा म्हणजे बिघाड नव्हे.

बुशमध्ये तेलाचा थेंब सोडण्याचा उपाय प्रचलित आहे. त्याने मिळणारा आराम बहुधा तात्पुरता असतो आणि पेटी उघडण्याचा धोका मात्र तेवढाच पत्करावा लागतो.

साठलेला विद्युतभार

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टांची असते. हे मूल्य परिणामी दाबाचे आहे. शिखरदाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि एकदिशीकरणानंतर मुख्य धारित्र तेवढ्या दाबावर भारित होते. सक्रिय शक्तिगुणक-सुधारणा असलेल्या पुरवठ्यांत हा दाब सुमारे ३८० ते ४०० व्होल्टांपर्यंत चढवलेला असतो. ३३० मायक्रोफॅरडचे धारित्र ३८० व्होल्टांवर भारित असेल, तर त्यात जवळपास २४ ज्यूल ऊर्जा असते. ती एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडल्यास प्रवाहाचा मार्ग हृदयावरून जातो.

हा भार आपोआप ओसरावा म्हणून अनेक पेट्यांत निचरा-रोधक बसवलेला असतो. स्वस्त पेट्यांत तो नसतो, जुन्या पेट्यांत तो जळालेला असू शकतो, आणि झाकण बंद असताना यांपैकी काहीच कळत नाही. प्लग काढल्यावर संगणकाचे बटण दाबून धरले की काही भार खर्च होतो. परंतु अंतर्गत मंडल बंद पडल्यावर उरलेला भार तसाच राहतो. प्लग काढून एक दिवस थांबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थांबणे चांगलेच, मात्र ते मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

जाणकार तंत्रज्ञ मुख्य धारित्राच्या अग्रांवरील दाब योग्य क्षमतेच्या मल्टिमीटरने मोजतो. दाब आढळल्यास तो सुमारे १० किलोओहमच्या, पुरेशा वॅटक्षमतेच्या रोधकामधून निचरून टाकतो आणि पुन्हा मोजतो. वरील उदाहरणातील धारित्राला यासाठी १५ ते २० सेकंद लागतात. निष्क्रिय रचनेच्या जुन्या पेट्यांत एकसर जोडलेली दोन धारित्रे असतात. दोन्ही स्वतंत्रपणे तपासावी लागतात. पेचकसाने अग्रे थेट जोडण्याची पद्धत घातक आहे. तीत मोठी ठिणगी उडते, धातूचे कण डोळ्यांत जाऊ शकतात आणि धारित्रही बिघडते. स्थितिक विजेपासून संगणकाचे सुटे भाग वाचवणारा भूसंपर्कित मनगटपट्टा येथे घालू नये, कारण तो शरीरालाच जमिनीशी जोडतो. शक्यतो एकाच हाताने काम करावे, असा या व्यवसायातील जुना दंडक आहे.

या साऱ्या कामात धारित्राच्या अग्रांपर्यंत पोचून मोजमाप करणे हाच सर्वांत जोखमीचा टप्पा आहे. ज्याला उच्च दाबाच्या मोजमापाची सवय नाही, त्याने पेटी उघडू नये. संपूर्ण पेटी बदलणे हेदेखील पंख्याच्या आवाजावरचे रास्त उत्तर आहे.

पंख्याची निवड

दुसरा धोका काम यशस्वी झाल्यानंतर सुरू होतो आणि तो सहज दुर्लक्षिला जातो. आवाजाला कंटाळलेला वापरकर्ता साहजिकच अत्यंत शांत पंखा शोधतो, आणि असा पंखा बहुधा संथ फिरणारा, कमी हवा ढकलणारा असतो. घटकांच्या दाटीतून हवा रेटण्यासाठी स्थितिक दाब चांगला असावा लागतो. विद्युत्-अपघटनी धारित्रांचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील आडाखा आहे. म्हणजे शांत झालेली पेटी मुदतीआधीच निकामी होण्याची आणि जाताना मदरबोर्डला सोबत नेण्याची शक्यता वाढते.

म्हणून मूळ पंख्यावरील पट्टी वाचून त्याच मापाचा, त्याच जाडीचा आणि जवळपास तेवढ्याच प्रवाहाचा पंखा घेतात. जाडी सहसा २५ मिमी असते. थर्मिस्टरने नियंत्रित पेटीत पंखा कमी दाबावर सुरू होणारा असला पाहिजे. तो ७ व्होल्टांखाली हललाच नाही, तर पेटी तापेपर्यंत थांबून राहील. दुहेरी बॉल-बेअरिंगचे पंखे टिकाऊ, पण किंचित अधिक आवाजाचे असतात. द्रव-बेअरिंगचे शांत व दीर्घायुषी असतात.

बसवणी व चाचणी

मूळ पंख्याच्या तारा बहुधा दोन असतात. लाल धन आणि काळी ऋण, हा सर्वसाधारण संकेत. मंडलपट्टीवरील खूण पाहून त्याची खात्री करतात. ब्रशविरहित पंखा उलटा जोडल्यास उलटा फिरत नाही, तर फिरतच नाही. बाजारातील पंख्याची तिसरी तार वेगमापनाची असते. पेटीत तिची सोय नसल्यास ती विद्युतरोधित करून सोडून देतात. खटका जुळत नसेल, तर जुन्या खटक्याच्या तारा नव्या पंख्याला डाख देऊन जोडाव्या लागतात. त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवणे आवश्यक आहे, कारण साध्या चिकटपट्टीचा गोंद आतील उष्णतेने सुटतो.

हवेची दिशा पूर्वीचीच ठेवावी लागते. चौकटीवर बाण नसल्यास एवढे पुरेसे आहे, की हवा पट्टी चिकटवलेल्या, आडव्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. पंख्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर तो हवेला वळण देण्यासाठी असतो. तो पुन्हा होता तसा बसवतात. मूळ स्क्रूंपेक्षा लांब स्क्रू आतील घटकांना टेकू शकतात.

झाकण उघडे ठेवून पंखा ‘फिरवून पाहणे’ टाळलेच पाहिजे: आतील काही उष्णताशोषक पट्ट्याही मुख्य विजेच्या दाबावर असू शकतात. चाचणी झाकण पूर्ण लावून, पेटी मदरबोर्डपासून वेगळी ठेवून करतात. २४ टोकांच्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेशी जोडली की पेटी सुरू होते. त्यानंतर संगणकावर भार देऊन मागील जाळीतून येणारी हवा आणि तिचे तापमान पाहतात.

भारतातील परिस्थिती

भारतात अनेक संगणक यूपीएसवर असतात. भिंतीवरचे बटण बंद केले तरी यूपीएस वीज देतच राहतो. काही विस्तार-फळ्यांवर बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसवलेले आढळते. या दोन्ही कारणांमुळे बटणावर विसंबून न राहता पेटीला जोडलेली तारच काढतात. भूसंपर्क नसलेल्या घरांत कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. हा पंख्याचा दोष नसून गाळणी-धारित्रांतून झिरपणारा अल्प प्रवाह असतो, आणि त्यावर उपाय भूसंपर्काचाच आहे.

सुटे पंखे मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारांत मिळतात. पेटीवरील सीलपट्टी फाडल्यास हमी संपुष्टात येते, त्यामुळे हमीकाळात पेटी विक्रेत्याकडे परत देणे श्रेयस्कर. फुगलेली धारित्रे, जळका वास किंवा करपलेली मंडलपट्टी दिसल्यास पंखा बदलण्यात अर्थ नसतो. अशी पेटी भंगारात न टाकता १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावयाची असते.