उघडे दार : शारदा सदन ते केडगाव

पंडिता रमाबाई शिकवताना आम्ही बहुधा ‘स्त्रीधर्मनीती’ (१८८२) आणि शारदा सदन यांच्यापाशी थांबतो. केडगावच्या रमाबाई अभ्यासक्रमाबाहेर राहतात. धर्मांतराचा विषय निघाला की तास संपल्याची घंटा आम्हांला सोयीची वाटते, हेही कबूल करावयास हवे. परंतु त्यांच्या आयुष्यातले एक मोठे वादळ एकत्र प्रार्थनेवरूनच उठले होते.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ची टीका सुरूच होती, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची तक्रार निराधार नव्हती. तटस्थतेच्या शब्दावर त्यांनी मुली सोपवल्या होत्या, आणि ज्या बाईंवर मुलींचा जीव आहे तिचे उघडे दार हेही एक आमंत्रणच असते. परंतु वादाचे मर्म याहून खोल आहे. रमाबाईंनी दार लावून एकटीने प्रार्थना केली असती तर बहुधा कुणी हरकत घेतली नसती. श्रद्धा खाजगी असेल तर समाज ती सहजी सोसतो. दोघी-तिघी मिळून बसल्या की तिची संस्था होऊ लागते.

गंमत अशी की दार लावून प्रार्थना करण्याचा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानातच आहे. आणि त्याच अध्यायात जी प्रार्थना येशू शिकवतो तिच्यातली प्रथमपुरुषी सर्वनामे मात्र सगळी अनेकवचनी आहेत. लावलेल्या दाराआडही ख्रिस्ती माणूस ‘माझा’ न म्हणता ‘आमचा’ म्हणतो. भाषेचे शिक्षक असल्याने आम्हांला हे सर्वनाम फार महत्त्वाचे वाटते.

बालविधवेच्या तोंडी तर ते नवेच होते. मंगलकार्यात तिला स्थान नव्हते. कीर्तनाला ती मागे बसून ऐके, परंतु बोलणारा दुसरा असे. उपास आणि जप हे तिचे एकटीचे. चारचौघींत बसून, आपल्या शब्दांत, आपले दुःख देवापुढे मोठ्याने मांडणे हा अनुभव तिला तोवर कोठून मिळणार?

तो केडगावच्या मुक्ती सदनात मिळाला. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे राहत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेस बसणाऱ्यांना पुढे येण्यास सांगितले, तेव्हा सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाल्याची नोंद आहे. जूनच्या अखेरीस, रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असता, सगळ्याजणी रडत एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

हा गलबला अनेकांना रुचला नाही. शिस्तीच्या उपासनेत एक बोलतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात. येथे तर प्रत्येकीचे गाऱ्हाणे वेगळे आणि वेळ एकच. इतक्या जणींना एकत्र बोलू देण्यात भावनेच्या भराचा धोका होता, हे आम्हांलाही नाकारता येत नाही. परंतु रमाबाईंनी तो आवाज बंद केला नाही. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी या घटनांवर पुस्तिका लिहिली. ती चिलीतील वालपाराइसो येथे त्यांच्या एका मैत्रिणीच्या, मे हूवर यांच्या हाती पडली, आणि १९०९ मध्ये तिथल्या मेथडिस्ट मंडळीतही लोक असेच एकत्र, मोठ्याने प्रार्थना करू लागले.