एकशे ऐंशी दिवस

मतदारयाद्यांचे काम निघाले की सरकारला सर्वप्रथम शिक्षक आठवतात. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षकही त्याला अपवाद नाही. नमुना ६चे गठ्ठे घेऊन मोहल्ल्यात फिरताना एक प्रश्न दर दुसऱ्या घरात कानी पडतो : "सर, इथं किती महिने राहिलं म्हणजे नाव लागतं?" आणि आम्ही तोंड उघडण्याआधीच आतून कोणी तरी उत्तर देऊन टाकते, "सहा महिने." भाडेकरू हेच सांगतो, घरमालकही हेच सांगतो. आजच्या कायद्यात असे सहा महिने कुठेच नाहीत. मग ते लोकांच्या तोंडी बसले कुठून? त्याचा माग काढू लागलो की आपण थेट फाळणीच्या दिवसांत जाऊन पोहोचतो.

इंग्रजी अमदानीत एखाद्या गावी नुसते राहण्याला फारशी किंमत नव्हती. मत हवे तर शेतसारा, कर, मालमत्ता नाही तर शिक्षण दाखवावे लागे. १९३५च्या कायद्यानंतरही मतदार होते सुमारे साडेतीन कोटी. त्यातही १९०९पासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे. प्रत्येक प्रौढाला मत आणि सर्वांची एकच यादी, ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरची.

या यादीचे काम घटना पुरी होण्याआधीच सुरू झाले होते. निवडणूक आयोग जन्मायचा होता. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव आणि तिच्या सचिवालयातील मूठभर अधिकारी यांनी हे ओझे उचलले. मार्च १९४८मध्ये प्रांतांना सूचना गेल्या : नागरिक असावा, वय २१ पूर्ण असावे आणि ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात त्या गावी किमान १८० दिवस राहिलेला असावा. हेच ते आपले सहा महिने.

कागदावर अट साधी दिसते. पण जरा हिशेब मांडून पाहा. ऑक्टोबर १९४७चा पहिला आठवडा उलटल्यावर जो एखाद्या गावी पोहोचला, त्याचे १८० दिवस भरणे शक्यच नव्हते. त्याआधी आलेला तरी एका जागी कुठे टिकला होता? आज या छावणीत, उद्या त्या छावणीत. कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले होते. त्याच वस्तीचे पुढे उल्हासनगर झाले. दिल्लीत तर आपल्याच शहरात बेघर झालेले मुसलमान पुराना किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात दिवस काढत होते. अशा माणसाचा मुक्काम कोणता लिहायचा?

निर्वासितांच्या संघटनांनी सचिवालयाला पत्रे लिहायला सुरुवात केली. आसामातून तर तक्रारी आल्या की स्थानिक अधिकारी निर्वासितांची नावे घ्यायलाच तयार नाहीत. सचिवालयाने ही पत्रे फायलीत दडपली नाहीत. जुलै १९४८मध्ये ठरले की निर्वासिताने 'मी या गावी कायमचा राहणार आहे' असे जाहीर केले की त्याचे नाव घ्यावे, दिवस मोजू नयेत. ना भाडेपावती, ना घरपट्टी. माणसाची नियत पुरेशी मानली गेली. आमच्या मते आपल्या लोकशाहीच्या पायातला हा एक मोठा दगड आहे, आणि शालेय पुस्तकांत त्यावर एक ओळही आम्ही पाहिलेली नाही.

त्याच महिन्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९ जुलै १९४८पासून पश्चिम पाकिस्तानातून परतणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली. तिचा उल्लेख घटनेच्या सहाव्या-सातव्या कलमांत आहे. घरदार, बायकामुले इकडे आणि दंगलीच्या भीतीने स्वतः तिकडे गेलेले, अशी कितीतरी मुसलमान कुटुंबे यात भरडली. कारणे वेगळी होती, हे मान्य. तरी एकाला शब्दावर मुकीम मानले गेले आणि दुसऱ्याला आपल्याच घरी येण्यासाठी कागद लागला, हे इतिहासात नोंदलेले आहे.

१९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १८० दिवस आले. शिवाय मतदारसंघात राहते घर मालकीचे वा ताब्यात असले, तरी माणूस तिथला रहिवासी धरला जाई. हा दिवसांचा आकडा त्याच दशकात कायद्यातून गेला, लोकांच्या डोक्यातून मात्र गेला नाही. १९५८च्या दुरुस्तीने घराचीही गोष्ट उलटी केली : केवळ घर आहे म्हणून कोणी तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी असणे संपत नाही. हे दुसरे वाक्य फार मोलाचे आहे. बीडचा ऊसतोड कामगार हंगामात कारखान्यावर जातो, पण त्याचे नाव गावीच राहते. भिवंडीच्या यंत्रमागावर बाहेरून आलेला कारागीर इथेच स्थिरावला, तर त्याचे नाव इथे लागू शकते. मात्र गावचे नाव काढावे लागते, कारण दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मंजूर नाही.

पदपथावर झोपणाऱ्याचे काय? त्याच्याकडे राहण्याचा कागद मागायचा नाही, असा आयोगाचा नियम आहे. बीएलओने एकापेक्षा जास्त रात्री जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का, हे पाहायचे. (राज्यसभेच्या उमेदवाराने त्या राज्यात राहण्याची अट मात्र २००३मध्ये काढून टाकली गेली. त्याच्याकडे रात्री कोणी जात नाही.)

आखातात नोकरी करणाऱ्या कोकणी मुसलमानांचा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतला कमावता माणूस वर्षानुवर्षे कुवेत, दुबई, सौदीत. पासपोर्ट भारताचा, पण रहिवासी कुठला? २०१०च्या दुरुस्तीने पासपोर्टवर असलेल्या इथल्या पत्त्यावर त्यांना मतदार होता येऊ लागले, मात्र मत देण्यासाठी स्वतः यावे लागते. विमानाचे भाडे आणि रजा यांचा विचार करता किती जण येत असतील, हे वाचकांनीच ठरवावे.

आता खरी अडचण नाव लावताना कमी आणि काढताना जास्त येते. घराला कुलूप दिसले, शेजाऱ्याने "ते गेले" म्हटले की शेरा पडतो : स्थलांतरित. लेक सासरी गेली, नाव इथून कमी झाले, तिथे लागले नाही. कलम २२ सांगते की 'आता इथला रहिवासी नाही' या कारणाने नाव काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणात १ ऑगस्ट २०२५च्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. त्यांतली सुमारे ३६ लाख 'कायमची स्थलांतरित किंवा आढळली नाहीत' या सदरात होती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती वगळलेली नावे कारणासह जाहीर करायला सांगितले, तेव्हा कुठे कोणाला कोणत्या कारणाने वगळले, हे लोकांना वाचता आले.