लिओनीचे आईवडील

बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. तिचे मातापिता लुई व झेली मार्टिन यांना २०१५ साली एकाच वेळी संतपद मिळाले. अशा घरात सारे सुरळीतच चालले असेल, असे आम्हांस सहज वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

फ्रान्समधील आलांसों येथे १८५८ साली त्यांचा विवाह झाला. लुई घड्याळजी होते; झेलीचा लेस विणून घेण्याचा व्यवसाय होता. नऊ अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. पाच वर्षांची एलेन आणि तान्ही मेलानी-तेरेज, दोघी एकाच १८७० सालात गेल्या.

उरलेल्या पाच मुलींत तिसरी लिओनी. तिचा अभ्यास होईना, हट्ट आवरेना. मठाच्या शाळेने तिला ठेवून घेतले नाही. आईच्या पत्रांतून ही काळजी वारंवार डोकावते. पुढे १८७७ साली उघडकीस आले की, घरातील मोलकरीणच या मुलीला धाकात ठेवीत होती. रोज पहाटे मिस्सेला जाणाऱ्या आईला स्वतःच्या छपराखालचे हे दुःख दिसले नव्हते! स्तनाच्या कर्करोगाने ती तेव्हा खंगत चालली होती. उरलेल्या थोड्या दिवसांत तिने लिओनीला जवळ घेतले. जूनमध्ये तिने थोरल्या तिघी मुलींसह लूर्दची यात्रा केली. पण आजार हटला नाही. २८ ऑगस्ट रोजी ती प्रभूघरी गेली.

लुई मुलींना घेऊन लिझ्यू येथे राहावयास गेले. पुढे मानसिक आजारामुळे १८८९ ते १८९२ ही वर्षे त्यांना कान येथील रुग्णालयात काढावी लागली. १८९४ साली त्यांचे निधन झाले.

लिओनीने तीनदा मठाची वाट धरली आणि तिन्ही वेळा ती परतली. १८९९ साली चौथ्यांदा ती कानच्या व्हिजिटेशन मठात गेली आणि १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली. २०१५ सालीच तिच्याही संतपदाच्या प्रक्रियेस प्रारंभ झाला.

मूल मागे पडले की आम्ही त्याला बोल लावतो, नाहीतर आपल्या नशिबाला. झेलीला स्वतःची चूक फार उशिरा कळली. पण कळताच ती लेकीकडे वळली. आपल्याही घरात एखादी लिओनी असेल. आज रोझरीला बसण्यापूर्वी घटकाभर तिच्याजवळ बसू या.