तुळशीच्या घराचे शेवटचे दिवस



आपल्या स्मरणिकेत दर वर्षी कुणी थोर स्त्रीचे चरित्र लिहिते, कुणी एखाद्या देवस्थानाचा इतिहास सांगते. या खेपेस मलाही ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शिवकालावर नि पेशवाईवर अधिकाराने लिहू शकतील अशा भगिनी आपल्यात आहेत. तेव्हा मी आपणां सर्वजणींनी डोळ्यांनी पाहिलेला इतिहास निवडला आहे. तो म्हणजे ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ या दूरचित्रवाणी मालिकेचा, नि विशेषेकरून तिच्या अखेरच्या दिवसांचा. कुणी म्हणेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? पण ज्या गोष्टीसाठी सासू नि सून आठ वर्षे रोज रात्री एका ठिकाणी बसल्या, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी?

ही मालिका ३ जुलै २००० रोजी, सोमवारी, ‘स्टार प्लस’ वाहिनीवर सुरू झाली. ‘कौन बनेगा करोडपती’ हा अमिताभ बच्चन यांचा कार्यक्रमही त्याच रात्री सुरू झाला. निर्मिती ‘बालाजी टेलिफिल्म्स’ची, म्हणजे एकता कपूर यांची. वेळ रात्री साडेदहाची. एवढ्या उशिरा गृहिणी कशा बघणार, अशी शंका येण्याजोगीच ती वेळ होती. परंतु जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, ओटा पुसला, दूध विरजले की बाईला स्वतःची म्हणून जी अर्धी घटका मिळते ती नेमकी हीच, हे ज्याने ओळखले त्याला बायकांचा दिवस ठाऊक होता असे म्हणावे लागेल. मराठीत त्याआधीच १९९९ पासून ‘आभाळमाया’ सुरू झाली होती, आणि २००१ मध्ये ‘चार दिवस सासूचे’ आली. त्यामुळे त्या सुमारास घरोघरी संध्याकाळपासून रात्रीपर्यंत मालिकांचाच वार लागला होता.

कथा गुजराती विराणी कुटुंबाची. घराचे नाव ‘शांतिनिकेतन’. आणि त्या घरात शांती तेवढी कधी नांदली नाही! पुजाऱ्याची मुलगी तुलसी श्रीमंतांच्या मिहीरशी लग्न करून येते. सासूबाई सविता यांना ती पसंत नसते. आजेसासूबाई ‘बा’ मात्र तिला पंखाखाली घेतात. स्मृती इराणी या त्या वेळी २४ वर्षांच्या. त्या सुनेच्या सासू झाल्या, सासूच्या आजी झाल्या, आणि मालिका संपली तेव्हा त्यांचे खरे वय होते अवघे ३२! सुधा शिवपुरी यांच्या ‘बा’ तर इतक्या पिढ्या पाहूनही खुर्चीत तशाच बसलेल्या; त्यावर किती विनोद झाले ते आपणांस आठवत असेल.

भर कसा होता हे एका प्रसंगावरून कळते. नायक मिहीर अपघातात गेला असे दाखविले, तेव्हा देशभर हलकल्लोळ उडाला. पत्रे काय, दूरध्वनी काय! अखेर मिहीरला परत आणावे लागले. ती भूमिका पुढे अमर उपाध्याय यांच्याकडून इंदर कुमार आणि मग रोणित रॉय यांच्याकडे गेली. नवरा दोनदा बदलला तरी आपण बायका बघत राहिलो, कारण घर तुलसीचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शेवटाचे मूळ इथेच आहे.

आता मला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगते. तुलसीचा मुलगा अंश आपल्या बायकोवर, नंदिनीवर, बळजबरी करतो. नंदिनी न्यायालयात जाते, आणि तुलसी सुनेच्या बाजूने, पोटच्या मुलाच्या विरुद्ध उभी राहते. भगिनींनो, हे भाग लागत होते तेव्हा आमच्या जिन्यावर दोन तट पडले होते. ‘आई अशी कशी वागेल? पोरगा चुकला तरी पोटचा ना?’ असे एक पक्ष म्हणे. ‘सून कुणाच्या पोटची नाही का?’ असे दुसरा पक्ष म्हणे. आमच्या सासूबाई पहिल्या पक्षात होत्या. आठ दिवस त्या नंदिनीला नावे ठेवीत होत्या. नवव्या दिवशी तांदूळ निवडता निवडता आपणहून म्हणाल्या, “माझ्या सासूने एवढं केलं असतं तर मी तिचे पाय धुऊन पाणी प्यायले असते.” त्यापुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. पण सात वर्षांत प्रथमच मला ठाऊक झाले की या बाईसुद्धा कधी कुणाची सून होत्या. मालिकेचे नाव मला त्या दिवशी कळले.

हा प्रश्न गोष्टीपुरता नव्हता. आपल्या देशात सज्ञान पत्नीवर पतीने केलेली अशी बळजबरी कायद्याने बलात्कार ठरत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद कायम ठेवण्यात आला. म्हणजे जे तुलसी पडद्यावर बोलली, ते कायद्याच्या पुस्तकात यायचेच होते. पुढे तर तिने त्याच मुलावर गोळी झाडली, आणि आजारी सासूला यातनांतून सोडविण्यासाठी तिचे जीवन-यंत्रही बंद केले. असल्या गोष्टी आपण करू असे नव्हे. परंतु दयामरण म्हणजे काय, बाईचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क म्हणजे काय, याची चर्चा पाण्याच्या नळावर झाली ती या मालिकेमुळेच.

मग एवढी भरभराटीची मालिका संपली कशी? माझ्या मते ती एका दिवसात संपली नाही. एकेक वासा निखळत गेला.

पहिले कारण कथेतच होते. कथानक पुढे रेटण्यासाठी वीस-वीस वर्षांच्या उड्या मारण्यात आल्या. कालची तान्ही मुले आज लग्नाची झाली. नवी नातवंडे, त्यांची नवी लग्ने, नवी वैरे. कोण कुणाची सून हे लक्षात ठेवायला वही घालावी लागे. मेलेली माणसे परत येऊ लागली, तेव्हा मरणाचेही भय उरले नाही आणि लग्नाचाही आनंद उरला नाही.

दुसरे कारण असे की, २००७ मध्ये खुद्द तुलसीच बदलली. स्मृती इराणी बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी गौतमी कपूर आल्या. या माहेरच्या गाडगीळ, आपल्या पुण्याच्या. काम त्यांनी मनापासून केले. परंतु सात वर्षे जिने दार उघडून नमस्कार केला, तिच्या जागी दुसरा चेहरा मनाला पटेना. २००८ मध्ये स्मृती इराणी परतल्या, पण तोवर बसण्याची सवय मोडली होती.

तिसरे कारण बाहेरचे. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएलचे क्रिकेट सुरू झाले नि रात्रीचा दूरचित्रवाणी-संच पुरुषमंडळींच्या ताब्यात गेला. २१ जुलै २००८ रोजी ‘कलर्स’ ही नवी वाहिनी आली, आणि तिच्यावरील ‘बालिका वधू’ने बालविवाहासारखा खेड्यातला जुना प्रश्न मांडला. भरजरी साड्यांचा नि उघडझाप करणाऱ्या दारांचा कंटाळा आलेल्या बायकांना त्या लहानग्या आनंदीचा चेहरा ताजा वाटला. आमच्याकडेही तेच झाले. मुलांची सकाळची शाळा, सासूबाईंचे दुखरे गुडघे. साडेदहाला बसणारे आम्ही साडेनऊलाच दिवे मालवू लागलो.

या बंद झालेल्या दिव्यांचा हिशेब कसा होई, तेही सांगण्याजोगे आहे. त्या काळी शहरांतील निवडक काही हजार घरांत दूरचित्रवाणी-संचाला मोजणीचे यंत्र बसवीत. त्या घरांत काय लागते यावरून साऱ्या देशाची आवड ठरे, नि त्यालाच ‘टीआरपी’ म्हणत. खेड्यांतील घरे त्या मोजणीत नव्हती. ती पुढे २०१५ मध्ये नव्या व्यवस्थेत आली. मालिका ऐन भरात होती तेव्हा हा आकडा वीसच्या वर गेला होता. शेवटी तो एका अंकावर उतरला. जाहिरातदार आकड्याला पैसे देतात, तुळशीला नव्हे!

२००८ च्या फेब्रुवारीत ‘कसौटी जिंदगी की’ संपली, ९ ऑक्टोबरला ‘कहानी घर घर की’ संपली. ‘क्यूँकि’लाही वाहिनीने समाप्तीची नोटीस दिली. निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, पण मालिका चालू राहिली नाही. विराणी घराण्यात कोर्टकचेऱ्या कितीतरी झाल्या होत्या. अखेरची कचेरी मात्र खरीखुरी निघाली! गुरुवार ६ नोव्हेंबर २००८ रोजी शेवटचा भाग लागला. आठ वर्षे चार महिने, १८३३ भाग. जाहिराती धरून भाग अर्ध्या तासाचा मानला, तर नऊशेहून अधिक तास होतात. म्हणजे अडतीस दिवस नि अडतीस रात्री न उठता बसल्यासारखे.

एवढा संसार आवरायला मिळाले थोडे दिवस. सासरी जाणाऱ्या लेकीची पाठवणी आपण किती निगुतीने करतो! इथे मात्र बिऱ्हाड हलविताना भांडीकुंडी पोत्यात कोंबावी तसे झाले. कितीतरी धागे बांधायचे राहिले.

मालिकेची पोच आपल्या देशापुरतीच नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. सिंहली भाषेत ‘महा गेदर’ या नावाने ती श्रीलंकेत गेली. अफगाणिस्तानात ‘तोलो’ वाहिनीवर ती दरी भाषेत लागे. तिथे देवांच्या मूर्ती नि बायकांचे उघडे खांदे धूसर करून दाखवीत, तरी बायका-पुरुष तुलसीसाठी बसत. २००८ च्या वसंतात तिथल्या सरकारने हिंदी मालिका बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा ‘तोलो’ने तो मानण्यास नकार दिला. ज्या वर्षी आपण तिला कंटाळून उठत होतो, त्याच वर्षी काबूलमधल्या भगिनींसाठी तिचे लागणे ही लढाई झाली होती. २०२१ नंतर त्या भगिनींच्या शाळाही बंद झाल्या, हे आठवले की मन सुन्न होते.

आपल्याकडील ‘चार दिवस सासूचे’ मात्र रोहिणी हट्टंगडी नि कविता लाड यांच्यासह तीन हजारांहून अधिक भाग करून २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली. आणि २९ जुलै २०२५ रोजी स्मृती इराणी पुन्हा तुलसीच्या वेषात त्याच साडेदहाच्या वेळी दारात उभ्या राहिल्या. मधल्या काळात त्या केंद्रीय मंत्री होऊन आल्या होत्या. ‘बा’ मात्र नव्हत्या. सुधा शिवपुरी २० मे २०१५ रोजी निवर्तल्या.

या साऱ्यातून काय घ्यावे? मालिकांत कटकारस्थाने फार, दागिने फार, हे खरे. मीही त्यांची वकिली करीत नाही. परंतु त्या नावातले सहा शब्द खोटे नव्हते. सासू हीही कधी सून होती, हे सुनेने जाणावे. आणि आपण कधी सून होतो, हे सासूने विसरू नये. तुलसीच्या घराचा शेवट आकड्यांनी ठरविला. आपल्या घरांत मोजणीचे यंत्र नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी येत्या काही वर्षांत सुना येतील. त्या आल्यावर त्यांच्या बाजूने एकदा तरी, पोटच्या मुलासमोर, उभे राहण्याचा प्रसंग आला, तर कोणत्या तटात बसायचे ते आजच ठरवून ठेवू या.