परसात झेंडू आणि वाटाणा : बी कधी, कसं टाकावं?

पोलादपूर : कशेडी परिसरात भातकापणी झाली की परसात वाल, पावटा टोकायची जुनी पद्धत आहे. त्याच ओलीवर वाटाण्याच्याही चार ओळी निघतात, पण घाई नको. मी एकदा दसऱ्यालाच पेरला. ऑक्टोबरच्या उन्हात निम्मं बी कुजलं, जे उगवलं त्याचा फुलोरा गळला. वाटाण्याला थंडीच लागते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर, रात्री घोंगडी लागायला लागली की पेरा.

अर्केल जातीला साधारण दोन महिन्यांत शेंगा येतात. बी एक इंच खोल, दोन-तीन इंचांवर जागेवरच टोका. रोप उपटून लावलं तर मुळं दुखावतात. पाणी साचू देऊ नका, काटक्यांचा आधार द्या.

झेंडूचं, म्हणजे आपल्या गोंड्याचं, उलट. आधी भातासारखा तरवा करायचा. दसऱ्याला फुलं हवी तर अडीच महिने आधी बी टाका. तेव्हा आपल्याकडे धो-धो पाऊस, म्हणून पडवीच्या कडेला, उजेडात, कुंडीत रोप करा. चार-पाच पानांचं झालं की उंच वाफ्यावर फूटभर अंतराने लावा. महिन्याने शेंडा खुडा, फांद्या फुटतात.

वाटाण्याचं घरचं बी पुढच्या वर्षी चालतं. संकरित झेंडूचं धरू नका, फुलं एकसारखी येत नाहीत. जुन्या बियांचे दहा दाणे ओल्या फडक्यात बांधा. आठवड्यात सातपेक्षा कमी मोडले तर दाट पेरा.

पाकिटातलं रंगीत बी औषध लावलेलं असतं. उरलं तर उसळीत घालू नका, कोंबड्यांनाही टाकू नका.