प्रफुल्ल बिडवई

प्रफुल्ल बिडवई (जन्म : नागपूर, १९४९, मृत्यू : अ‍ॅमस्टरडॅम, २३ जून २०१५) हे भारतीय पत्रकार, स्तंभलेखक आणि अण्वस्त्रविरोधी चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते होते. मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर देशात उत्साहाचे वातावरण असताना या चाचण्यांना उघड व सविस्तर विरोध करणाऱ्या मोजक्या पत्रकारांत त्यांची गणना होते. त्यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत असल्यामुळे महाराष्ट्रात जन्मलेल्या या विचारवंताचा परिचय मराठी वाचकांना तुलनेने कमी आहे.

जीवन

बिडवई यांचे शिक्षण मुंबईच्या आयआयटीत झाले. १९७२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील स्तंभापासून त्यांच्या पत्रकारितेला सुरुवात झाली. पुढे ते 'टाइम्स ऑफ इंडिया'चे वरिष्ठ संपादक होते. त्यानंतर त्यांनी स्वतंत्र स्तंभलेखन केले; 'फ्रंटलाइन' पाक्षिकातील त्यांचा स्तंभ विशेष वाचला जाई. अ‍ॅमस्टरडॅम येथील ट्रान्सनॅशनल इन्स्टिट्यूटशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. त्याच शहरात जेवताना घास घशात अडकून त्यांचा मृत्यू झाला.

अण्वस्त्रांविषयीची भूमिका

विज्ञान-तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी असल्याने बिडवई यांनी या प्रश्नाचा विचार केवळ नैतिक अंगाने केला नाही. अणुऊर्जा आणि अणुबॉम्ब यांच्यामध्ये पक्की भिंत नसते, हा त्यांच्या लेखनातील एक कायमचा मुद्दा होता. याचे ठळक उदाहरण मुंबईतच आहे. तुर्भे येथील सायरस ही अणुभट्टी कॅनडाने शांततामय वापरासाठी दिली होती; १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या पहिल्या चाचणीसाठी लागलेले प्लुटोनियम याच भट्टीतून आले. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पालाही त्यांनी विरोध केला.

अण्वस्त्रांच्या समर्थनाचा मुख्य आधार म्हणजे प्रतिरोधनाचा सिद्धान्त. शत्रूच्या हाती अण्वस्त्र असेल, तर प्रतिहल्ल्याच्या भीतीने कोणीही पहिला वार करणार नाही, असे हा सिद्धान्त सांगतो. तो खरा ठरण्यासाठी दोन्ही बाजूंचे नेते नेहमी विवेकाने वागले पाहिजेत, त्यांना मिळणारी माहिती अचूक असली पाहिजे आणि यंत्रणेत कधीही बिघड होता कामा नये. या तीन अटी एकाच वेळी व कायम पाळल्या जातील असे मानणे हाच मोठा धोका आहे, असे बिडवई यांचे प्रतिपादन होते. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात निदान महासागरांचे अंतर होते आणि क्षेपणास्त्र पोहोचण्यास सुमारे अर्धा तास लागे. भारत व पाकिस्तान यांची सीमा सलग आहे आणि क्षेपणास्त्राचा प्रवास काही मिनिटांचा आहे. एखादा इशारा खरा की खोटा, हे तपासण्यास एवढा वेळ अपुरा आहे. ९ मार्च २०२२ रोजी एक विनास्फोटक भारतीय क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियां चन्नू भागात जाऊन पडले. या घटनेनंतर भारतीय हवाई दलाने तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. तोपर्यंत बिडवई हयात नव्हते, परंतु ज्या प्रकारच्या अपघाताची भीती त्यांच्या युक्तिवादात होती, तो हाच.

जिनिव्हा येथे १९९६ मध्ये सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या वाटाघाटी सुरू असताना भारताने कराराला विरोध केला. अण्वस्त्रधारी देशांनी निःशस्त्रीकरणाची कालबद्ध हमी दिलेली नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. बिडवई व त्यांचे सहलेखक अचिन वनाइक यांनी मात्र चाचणीबंदीचा पुरस्कार केला. बड्या राष्ट्रांच्या दुटप्पीपणावर त्यांनी कठोर टीका केली. पण तो दुटप्पीपणा भारताने स्वतः बॉम्ब बनवण्याचे समर्थन ठरू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डावे, उजवे व मध्यममार्गी अशा सर्वच गोटांत हे मत त्या काळी अल्पसंख्य होते.

चळवळ

११ व १३ मे १९९८ रोजी भारताने आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने चाचण्या केल्या. त्यानंतर बिडवई 'मूव्हमेंट इन इंडिया फॉर न्यूक्लिअर डिसआर्ममेंट' या संघटनेचे संस्थापक सदस्य झाले. नोव्हेंबर २००० मध्ये नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अधिवेशनातून अनेक संघटनांची मिळून 'कोअलिशन फॉर न्यूक्लिअर डिसआर्ममेंट अँड पीस' ही आघाडी उभी राहिली. तिच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. त्याच वर्षी इंटरनॅशनल पीस ब्युरोने त्यांना व वनाइक यांना शॉन मॅकब्राइड शांतता पुरस्कार संयुक्तपणे दिला.

कारगिलचा वाद

चाचण्यांनंतर वर्षभरातच कारगिल युद्ध झाले. अण्वस्त्रे आल्यामुळे उपखंडात युद्ध होणार नाही हा दावा त्यामुळे खोटा ठरला, असे बिडवई यांच्यासह टीकाकारांनी म्हटले. समर्थकांच्या मते मात्र हे युद्ध नियंत्रण रेषेच्या परिसरापुरते मर्यादित राहिले, ते अण्वस्त्रांमुळेच. एकाच घटनेचा दाखला दोन्ही बाजू देतात. न झालेल्या युद्धाचे कारण सिद्ध करता येत नसल्याने हा वाद निकालात निघणे अवघड आहे. ज्येष्ठ सामरिक विश्लेषक के. सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या अण्वस्त्रसमर्थकांचे आणखी एक म्हणणे असे होते, की चीनजवळ अण्वस्त्रे असताना भारताने निःशस्त्र राहणे परवडणारे नाही. बिडवई यांच्या लेखनात पाकिस्तानच्या मानाने चीनचा विचार कमी आला आहे, आणि हा आक्षेप सर्वस्वी गैरलागू म्हणता येत नाही.

निःशस्त्रीकरणाची सद्यःस्थिती

स्टॉकहोम येथील सिप्री या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात सुमारे १२,२४१ अण्वस्त्रे होती. त्यांपैकी भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हवामानशास्त्रीय अभ्यासाने दाखवले, की हिरोशिमावरील बॉम्बच्या क्षमतेचे १०० बॉम्ब शहरांवर पडले, तर त्यांतून उठणाऱ्या काजळीमुळे पृथ्वीचे तापमान घसरून जगभरच्या शेतीला फटका बसेल.

१९८८ मध्ये राजीव गांधी यांनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाची टप्प्याटप्प्याची योजना मांडली होती. ती मागे पडली. अण्वस्त्रबंदी करार २२ जानेवारी २०२१ रोजी अमलात आला, परंतु भारतासह एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही. अमेरिका व रशिया यांच्यातील न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. भारताने २००३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे. पाकिस्तानने तसे वचन दिलेले नाही.

पूर्ण निःशस्त्रीकरण होईपर्यंत स्फोटाग्रे क्षेपणास्त्रांपासून वेगळी ठेवावीत, अण्वस्त्रे तैनात करू नयेत आणि क्षेपणास्त्र चाचण्या थांबवाव्यात, अशा अंतरिम उपायांचा बिडवई यांनी पुरस्कार केला होता. उपखंडात असे मर्यादित करार अशक्य नाहीत. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत व पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात; कारगिल युद्धानंतर आणि २००१-०२ मध्ये दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असतानाही ही देवाणघेवाण थांबली नाही.

ग्रंथ

वनाइक यांच्यासह लिहिलेले 'टेस्टिंग टाइम्स' (१९९६) हे पुस्तक चाचणीबंदीविषयी आहे, तर 'साउथ आशिया ऑन अ शॉर्ट फ्यूज' (१९९९) मध्ये उपखंडातील अण्वस्त्रीकरणाची चिकित्सा आहे. 'द पॉलिटिक्स ऑफ क्लायमेट चेंज अँड द ग्लोबल क्रायसिस' (२०११) हे हवामानबदलावरील पुस्तक त्यांनी एकट्याने लिहिले. भारतीय डाव्या चळवळीचा आढावा घेणारे 'द फीनिक्स मोमेंट' त्यांच्या मृत्यूनंतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.